मिस्त्रीचं पद

लिफ्टच्या मिस्त्रीला भजनी मंडळी मुकेश्वर म्हणत. त्याच्या तोंडून तिसरा शब्द काढायचा तर पाना लावावा लागेल, असं तबलेवाला म्हणायचा आणि मिस्त्री सगळ्यांबरोबर हसायचा. नुसतं हसून भागत असेल तर त्याला हवंच होतं.

मंडळ दर गुरुवारी संध्याकाळी एका छापखान्यावरच्या खोलीत जमायचं. तीन जिने चढून गेलं की कडी नसलेलं दार. "इथं दाराला कडी नाही आणि तोंडाला कुलूप नाही," असं बुवा प्रत्येक नव्या माणसाला सांगत, आणि ते काही खोटं नव्हतं. झाडूवाली यायची, निवृत्त न्यायाधीश यायचे, दोघं एकाच सतरंजीवर बसायचे. ज्यानं त्यानं आपलं पद आपणच रचायचं, उभं राहून गायचं आणि त्यात देवापुढे आपला दोष कबूल करायचा, अशी रीत होती. मग काय विचारता! मी पापी, मी लबाड, मी नरकाचा धनी. ज्याचं पाप मोठं त्याला वाहवा मोठी. न्यायाधीशांनी एकदा स्वतःला चोर आणि कुत्रा म्हणवून घेतलं, आणि जाताना आपली चप्पल कुणी सरकवली म्हणून तबलेवाल्याला फाडून खाल्लं.

या सगळ्या हौशी पाप्यांत मिस्त्रीचं पाप तेवढं खरं होतं. चार वर्षांपूर्वी एका शिवणकामाच्या कारखान्यात तिसऱ्या मजल्यावरच्या लिफ्टच्या दाराचं कुलूप सैल झालं होतं. दार नीट लागलं नाही तर लिफ्ट हलायची नाही, अशी सोय असते. मालक म्हणाला, माल खाली गेलाच पाहिजे, कुलूप उद्या बघ. मिस्त्रीनं बोटभर वायर लावून ती सोय बंद केली. लिफ्ट धावू लागली. संध्याकाळी इस्त्रीवाला पोरगा कपड्यांचा गठ्ठा उराशी धरून आला, दार ओढलं तर उघडलं, आणि त्यानं पाऊल टाकलं. लिफ्ट तळमजल्यावर होती.

तपासणीला साहेब येण्याआधी मिस्त्रीनं वायर काढून खिशात टाकली. त्याला मिनिटसुद्धा लागलं नाही. कागदावर आलं की गठ्ठ्यामुळे पुढचं दिसलं नाही, दार जोरानं ओढलं, मृताचा निष्काळजीपणा. मिस्त्रीच्या दोन मुली शाळेत होत्या. त्यानं कानाला खडा लावला आणि तोंड मिटलं.

पण खाई त्याला खवखवे. दहाव्या दिवशी तो पोराच्या आईला भेटायला गेला. तिला सगळे मावशी म्हणत. मावशीनं त्याला चहा दिला, कारखान्यातलं एवढं एक माणूस तरी आलं म्हणून डोळे पुसले आणि म्हणाली, "गुरुवारी ये आमच्या भजनाला. मन मोकळं होतं." तो गेला. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. पोरगा तिथंच बसायचा म्हणे.

तिथं बसून त्यानं मावशीचं पद ऐकलं.

हाक मी मारिली । धाव घरा पोरा ।
तोडिला मी दोरा । आयुष्याचा ॥

त्या संध्याकाळी तिनं कारखान्यात फोन केला होता. आज गुरुवार, लवकर ये, म्हणाली होती. पोरगा घाईत निघाला आणि गेला. म्हणजे आपणच मारला. मंडळींनी माना डोलावल्या. किती लीन झाली आहे बाई, असं बुवा म्हणाले. तिला हे अक्षरशः वाटतंय, हे त्या खोलीत फक्त एका माणसाला कळलं, आणि तो टाळ धरून गप्प बसला.

एक वर्ष तो गप्प होता. मग त्यानं पद रचलं. सांगायची हिंमत नव्हती, गायची होती.

दाराचे कुलूप । सैल मी देखिले ।
तैसेचि ठेविले । मोह केला ॥
उघडिता दार । भुई नाही तळी ।
एक गेला बळी । माझ्या पापे ॥

गाताना त्याची नजर मावशीवर होती. आता मावशी उठेल, आता गळा धरेल. बुवांनी डोळे मिटून अर्थ सांगितला. "दार म्हणजे इंद्रियं. कुलूप म्हणजे विवेक. बळी गेला तो आपला जीव. मुकेश्वर, तुम्ही छुपे रुस्तम निघालात!" खोलीभर वाहवा झाली. मावशीनं त्याचा हात हातात घेतला. "माझ्याच मनातलं लिहिलंस रे," म्हणाली. पुढे ती दर गुरुवारी तेच पद मागायची आणि त्याच्याबरोबर गायची. तीन वर्षं गायली. देवानं माणसाची इतकी थट्टा करू नये.

परवाच्या गुरुवारी जिन्यात मावशी दुसऱ्या मजल्यावर बसली. मिस्त्रीनं हात दिला, हाताला लागली ती नुसती हाडं.

"जेवत नाही का मावशी?"

"सकाळी जेवते की. संध्याकाळचं सोडलंय. त्या वेळेला हाक मारली ना मी. आता या तोंडात त्या वेळेला घास जात नाही."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. डॉक्टर ओरडतो. ओरडू दे."

वर आल्यावर नेहमीप्रमाणे तिनं त्याचं पद मागितलं. मिस्त्री उभा राहिला. तबलेवाल्यानं ठेका धरला.

"दाराचं कुलूप सैल होतं," मिस्त्री म्हणाला. "कारखान्यातलं. तिसऱ्या मजल्यावरचं."

ठेका अडखळला. बुवांनी डोळे उघडले. "मिस्त्री, सुरात घ्या."

"मी वायर लावून लिफ्ट चालू ठेवली. मावशी, तुमच्या हाकेनं तो गेला नाही. माझ्यामुळे गेला. मग मी वायर काढून घेतली."

"भावना पोचली," बुवा घाईघाईनं म्हणाले. "बसा आता. पुढचं पद घेऊ या."

"थांबा," मावशी म्हणाली. तिनं टाळ खाली ठेवले. "परत सांग. गाऊ नकोस."

त्यानं परत सांगितलं. मालकाचं बोलणं, बोटभर वायर, तळमजल्यावरची लिफ्ट, सगळं. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, औषधाची मात्रा नीट ऐकून घ्यावी तशी.

"म्हणजे त्यानं घाई केली नसती तरी?"

"तरी पडला असता. त्या दारातून जो गेला असता तो पडला असता."

मावशीच्या तोंडातून एक आवाज आला. रडणं म्हणावं तर तसं नव्हतं. मग ती म्हणाली, "चार वर्षं माझ्या शेजारी बसलास. त्याच्या जागेवर. आणि माझ्याकडून गाऊन घेतलंस."

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली.

"पोलीस चौकी सात मिनिटांवर आहे. तिथं असंच सांगायचं, अशाच शब्दांत. चल."

"अहो, आपापसातली गोष्ट," न्यायाधीश उठत म्हणाले. "इथं जे बोललं जातं ते देवासाठी असतं. उद्या मंडळाचं नाव..."

मावशीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीला हात लावत तिनं चपला घातल्या. मिस्त्रीनं आधाराला हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. ती पुढे, तो मागे, असे दोघं बाहेर पडले. जिन्यात ती एकेका पायरीवर थांबत होती आणि तोही तिच्यामागे थांबत होता.

दुसऱ्या मजल्याशी आले तेव्हा वर तबला पुन्हा सुरू झाला. समाप्तीचं पद गायल्याशिवाय उठायचं नाही अशी तिथली रीत आहे. बुवांनी सूर धरला, आणि पंचवीस गळे एका आवाजात देवाला सांगू लागले की आमच्याइतके पापी या जगात दुसरे कुणी नाहीत.