गुलाबी अळी आणि मी धरलेली कॉलर

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला शाबासकी देणार नाही. नोकरीत मी अनेकांच्या कॉलर धरल्या, त्यातली एक अजून हाताला जाणवते.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गुलाबी बोंडअळीचा तो हंगाम. बीटी कपाशीला अळी लागत नाही या भरवशावर राहिलेल्यांनी उभ्या पिकात नांगर घातला होता. बोगस बियाणं, भेसळीचं औषध, अशा तक्रारी ठाण्यात रोज यायच्या. फसवणूक हा शब्द ऐकला तरी माझं डोकं तापायचं. चौकशीआधीच तापलेलं डोकं पोलिसाच्या काही कामाचं नसतं, हे तेव्हा कळत नव्हतं.

अशात वडनेर भोलजीच्या बाजूचे एक गृहस्थ तक्रार अर्ज घेऊन आले. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून त्यांची हयात गेली होती. मुठीत कापूस दाबून त्याची प्रत सांगणारा माणूस. बीटी आल्यापासून कपाशीचं काय झालं, यावर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. आमच्या गावातल्या डीटीपीवाल्यानं पैसे घेऊन ते छापलंच नाही, अशी तक्रार होती.

"फक्त दोन प्रती देल्या साहेब. दोन! अन् प्रकाशनाले पाच पाहुणे बोलावले व्हते."

आपल्याकडे प्रकाशन कसं होतं, हे सांगायला नको. चकाकत्या कागदात गुंडाळलेला गठ्ठा, त्यावर फीत. पाहुणे फीत सोडतात आणि एकेक पुस्तक छातीशी धरून फोटो काढतात. इथे दोघांच्या हाती पुस्तक आलं, उरलेल्या तिघांनी निमंत्रणपत्रिकाच छातीशी धरली. मागून कुणी तरी ओरडलं, "बाकीचे अळीनं खाल्ले काय बे?" आख्खा मांडव हसला. हे सांगताना ग्रेडर खाली बघत होते.

डीटीपीवाला चाळिशीचा मुसलमान गृहस्थ. बसस्टँडसमोर त्याचं दुकान होतं. अर्ध्या तालुक्याच्या लग्नपत्रिका तोच करायचा. तक्रारीची बातमी गावात फुटली होती. मी त्याला बोलावणं पाठवण्याआधीच स्टँडवरच्या चहावाल्याचा फोन आला, "साहेब, तो बॅग घिऊन अकोल्याच्या गाडीकडं चालला. पळून जाऊन राह्यला."

आठवडी बाजाराचा दिवस होता. मी स्वतः गेलो. भर गर्दीत त्याची कॉलर धरली आणि "लोकांचे पैसे खाऊन कुठं निघालास?" असं म्हणत जीपपर्यंत ओढत नेलं. गुन्हा दाखल नव्हता. स्टेशन डायरीत साधी नोंद नव्हती. तो माझ्या गल्लीतला, माझ्या नात्यागोत्यातला असता, तर मी आधी 'या, बसा' म्हटलं असतं का? हा प्रश्न मी बरीच वर्षं टाळला. उत्तर 'हो' आहे.

चौकशीत तो एकच सांगत राहिला. "साहेब, हे पुस्तक गठ्ठ्यानं छापतच नाहीत. मोठ्या शहरातली कंपनी हाये. पुस्तक तिच्या वेबसाइटवर राह्यते. कुणी मागवलं की तेवढी एक प्रत छापतात अन् धाडून देतात. मी पैसे घेतले ते टायपिंगचे, पानं जुळवाचे अन् कव्हरचे. लेखकाले दोन प्रती त्यातच भेटतात."

"आणि एवढ्याशा पुस्तकावर एवढी किंमत छापलीय? तुझा हिस्सा किती त्यात?"

"मले त्यातलं काहीच नाही भेटत. किंमत कंपनी पानावर लावते. एक पान जरी रंगीत असलं, तरी आख्ख्या पुस्तकाले रंगीताचाच भाव. म्या ग्रेडरसाहेबाले हात जोडून सांगतलं, आतले फोटो काळे-पांढरे घ्या. ते म्हने, गुलाबी अळी काळी छापली तं शेतकरी तिले वयखीन कसा?"

"मग अकोल्याला काय होतं?"

"तिथच्या छापखान्यात माह्या पैशानं थोड्या प्रती काढाव म्हनलं. मांडवात मानसाची लय हासी झाली जी. मले पाहवलं नाही."

मी हसलो. पोलीस तसं हसला की समोरचा बोलायचं थांबतो.

संध्याकाळी त्याला सोडलं, पण रोजची हजेरी लावली. दुकान बंद ठेवून तो ठाण्यातल्या बाकड्यावर बसायचा. ऐन लग्नसराई होती. ज्यांनी पत्रिका करायला दिल्या होत्या, ते एकेक करून मजकूर परत नेऊ लागले. पोलिसानं ओढत नेलेल्या माणसाच्या हातची पत्रिका देवापुढे कोण ठेवणार? हे असंच चाललं असतं, तर त्याचं दुकान उठलं असतं.

गुन्हा दाखल करायला मला पुरावा हवा होता. म्हणून मीच मोबाइलवरून त्या पुस्तकाची एक प्रत मागवली. पुस्तक येणार नाही आणि फसवणूक सिद्ध होईल, याची मला खात्री होती. किंमत पाहून आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, एवढ्यात तं गावरान कोंबडा येते. अन् तो रस्सा तरी देते!"

पार्सल आलं. तो बाकड्यावर बसलेला असतानाच मी ते फोडलं. आत पुस्तक होतं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छपाईची तारीख होती, मी मागणी केल्याच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणजे माझ्या एका प्रतीसाठी मशीन चाललं होतं. कुणी कुणाला फसवलंच नव्हतं. त्या हंगामात पहिल्यांदा असा अर्ज हाती होता, ज्यात गुन्हेगारच नव्हता. खरं सांगतो, आधी मला हायसं वाटलं. लाज नंतर वाटली.

ग्रेडरना बोलावून दोघांना समोरासमोर बसवलं. डीटीपीवाल्यानं राग धरला नव्हता. तो म्हणाला, "कव्हर तं तसंही रंगीतच राह्यते, त्याचे ज्यादा पैसे नाहीत. अळी कव्हरवर टाकू. आतले फोटो साधे."

ग्रेडरनी पुस्तकातला अळीचा फोटो उघडून पाहिला. मग म्हणाले, "पण मोठी टाकजो बे."

किंमत उतरली, कुणीही खिशात हात घालावा इतकी. लेखकाच्या सवलतीत थोड्या प्रती मागवल्या, फीत बांधली आणि पुन्हा प्रकाशन झालं. या वेळी पाचही पाहुण्यांच्या छातीशी अळी होती. ग्रेडरनी अर्ज मागे घेतला.

डीटीपीवाल्याला मी एवढंच म्हणालो, "जा. झालं गेलं विसरून जा." विसरण्याचं कामही त्यालाच दिलं. पुढे माझी बदली झाली.

त्या प्रकरणानंतर एक सवय लावून घेतली. खबऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं ते एकीकडे लिहायचं आणि त्याला वाटलं ते दुसरीकडे. तो बॅग घेऊन चालला होता, हे चहावाल्यानं पाहिलं होतं. 'पळून' हा शब्द त्याचा होता आणि मी कॉलर धरली ती त्या शब्दावर.

मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि त्या गावी गेलो. दुकान चालू होतं, दारात पत्रिका घेणाऱ्यांची गर्दी होती. ती पाहून छातीवरचं ओझं निम्मं उतरलं. बाजाराच्या दिवसापर्यंत थांबलो आणि डीटीपीवाल्यांना स्टँडवर घेऊन गेलो, चहाच्या टपरीसमोर. लोक जमू लागले तसे ते संकोचले.

"साहेब, इथी काऊन? दुकानात बोलले असते तं चाललं असतं."

"कॉलर दुकानात धरली नव्हती," मी म्हणालो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, हात जोडून पुढचं बोललो. "इथंच धरली होती. या माणसानं कुणाचे पैसे खाल्ले नव्हते. चूक माझी होती. भाऊ, मला माफ करा."