जर्मन ताट आणि गिरगावचा कावळा

गिरणीने मला जर्मनीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा तिथलं मशीन शिकण्याची काळजी सोडून मी पोटाची काळजी करायला लागलो. लालबागच्या चाळीत बांगड्याच्या तिखल्यावर वाढलेलं पोट तिकडे टिकणार कसं? गिरगावात एका म्हाताऱ्या जर्मन बाईची चार टेबलांची खाणावळ होती. सुट्टीच्या दिवशी तिथे जेवून मी पोटाला वळण लावू लागलो.

बाई लढाईच्या आधी नवऱ्याबरोबर इथे आलेली, नवरा इथेच वारला. मराठी तिने भाजीवाल्यांकडून उचललेलं. मी तिला मावशी म्हणायचो. पहिल्याच दिवशी तिचा बरणीतला आंबट कोबी चाखून, चारचौघांत तिची शोभा नको म्हणून, तो नासल्याचं मी हळूच तिच्या कानात सांगितलं होतं. तिने आणखी एक डाव वाढला.

एकदा संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई बंद होती. गिरणी बंद, ट्रामही बंद. घोषणा देत मी लालबागहून चालत निघालो. नाक्यावर अश्रुधुराने डोळे चुरचुरले, तेव्हा माझी देशभक्ती थेट मावशीच्या मागच्या दाराशी येऊन थांबली. पुढच्या फळ्या लावलेल्या होत्या. तिने मला आत घेतलं.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक ताट वाढलेलं होतं. सॉसेज, बटाट्याचे उकडलेले गोळे, कोबी. दारूबंदी असल्यामुळे ग्लासात लिंबाचं सरबत. मागे एका तरुण मुलाचा फोटो, पुढे मेणबत्ती. कोण, असं विचारल्यावर माझा मुलगा, एवढंच म्हणाली, आणि माझं ताट वाढायला आत गेली.

मला गलबलून आलं. बाई एकटी. कावळ्याची वाडी बाहेर ठेवायला घरात पुरुष नाही, आणि खिडक्या बंद, कावळा येणार कुठून? मी जिन्याशी चपला काढल्या, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि मागच्या गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवलं. काव काव करून हात जोडले. वडिलांच्या दहाव्याला कावळ्याने आम्हाला दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं होतं. आईला सांभाळीन असं मी मोठ्याने कबूल केलं, तेव्हा कुठे शिवला. इथे मात्र हात सोडायच्या आत सॉसेज गेलं.

विस्कटलेलं ताट घेऊन मी विजयी मुद्रेने खाली आलो. मावशी कोपऱ्यातल्या टेबलापाशी उभी होती. शिवला, लगेच शिवला, असं सांगून मी तिला पिंड, पितर, अडलेली इच्छा असं सगळं समजावलं. माझं समाधान होईपर्यंत ती ऐकत राहिली.

मग म्हणाली, "तो मेला, असं तुला कोणी सांगितलं?"

फोटोला हार नव्हता. ते मला तेव्हा दिसलं.

शिकायला म्हणून तो तिकडे राहिला, मग लढाई झाली. त्यानंतर कोणी त्याला मेलेलं पाहिलं नव्हतं, जिवंतही नाही. आज त्याचा वाढदिवस होता. हे तिने टेबल पुसता पुसता सांगितलं. मी मान खाली घालून उभा होतो. चपला अजून गच्चीच्या जिन्याशीच होत्या.

"जिता माणूस असेल तर? त्याचं पण ठेवता कावळ्याला?"

"नाही मावशी. जित्या माणसाचं पान कावळ्याला ठेवत नाहीत."

तिने फडकं बाजूला ठेवलं. बाहेर घोषणा पुढच्या गल्लीत सरकल्या होत्या.

"मग तुझा कावळा नुसता चोर," ती म्हणाली.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या त्या पक्ष्यापुढे हात जोडलेले. आई तिथे असती तर तिने कानांवर हात ठेवले असते.

"हो मावशी," मी म्हणालो. "चोरच."

बंदमुळे सामान दोघांपुरतंच मिळालं होतं. तिने आतून माझं ताट आणलं, कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं, काटा-सुरी सरळ केली. मग बरणी काढली. काळ्या पावाबरोबर मी आंबट कोबी खाल्ला, आणि संपल्यावर आणखी मागितला. कोपऱ्यातली खुर्ची तिने थोडी मागे ओढून ठेवली होती, येणाऱ्याला बसायला सोपं पडावं अशी.