दादांच्या गाडीतली बासरी

वर्षश्राद्ध होईपर्यंत आमच्याकडे गाणं लावत नाहीत. दादांचं वर्षश्राद्ध पार पडलं आणि दुसऱ्याच दिवशी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या दादांच्या गाडीतलं गाणं वाजवून बघू."

माझ्या मोठ्या भावाची ती जुनी गाडी. दारांतले स्पीकर त्यांनी स्वतःच्या हातानं बसवले होते. आवाज जरा वाढवला की खरखर सुरू व्हायची, मग दादा तिच्याहून मोठ्यानं ओरडून गायचे. आम्ही ती खरखरही गाण्याचाच भाग धरून चाललो होतो.

बीडच्या बाजारातल्या मेकॅनिकनं ऐकताच निकाल दिला. "भाभी, स्पीकर फाटलेत. काढून टाका."

"न्हाई काढायचे," वहिनी म्हणाल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या, जणू तो लगेच पाना घेऊन येणार होता.

मी पुस्तकी माणूस. स्पीकरसोबत आलेला कागद दादांनी गाडीच्या कप्प्यात जपून ठेवला होता, तो उलगडून वाचला. स्पीकर सतत साठ वॅट सहज पेलणारे. दादांचा अॅम्प्लिफायर त्याच्या पावभरही ताकदीचा नव्हता. स्पीकर फुटू नयेत म्हणून आमच्या भित्र्या घराण्याला शोभेल असा त्यांनी मुद्दाम लहान घेतला होता. आवाज वाढवला की त्या बिचाऱ्यालाच धाप लागायची आणि सूर चिरफाळायचे.

"म्हणजे फाटत होता तो अॅम्प?" मेकॅनिक म्हणाला. "मंग हजार वॅटचा टाकू की, सर! गाडी नाचंल."

"गाडीला नाचवायचं न्हाई बे, गाणं ऐकायचंय," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'बे' ऐकून मेकॅनिक लाजला आणि मला वर्षभरात पहिल्यांदा हसू फुटलं.

नव्या अॅम्पच्या खोक्यावरचा जाहिरातीचा मोठा आकडा सोडून आतल्या कागदावरचा, सतत ताकद देण्याचा आकडा आम्ही शोधला आणि साठाच्या आसपासचा अॅम्प बसवला. मेकॅनिक कान दाराला लावून अॅम्पवरचा स्क्रू पेचकसानं फिरवत आवाज वाढवत गेला, जरा खरखरलं तर मागे घ्यायच्या तयारीत. वहिनींनी डोळे मिटले होते. स्पीकर खरंच फाटलेले असतील तर आता कळणार होतं.

आवाज चढला. खरखर नाही.

धारूरच्या घाटात दादांचं लाडकं गाणं आम्ही दोघांनी पूर्ण मोठ्यानं लावलं. दोन कडव्यांच्या मध्ये अचानक बासरी वाजली. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"ही होती ह्याच्यात?" मी विचारलं.

"खरखरीत बुडाली असंल! आणि तुमचे दादा वरून ओरडायचे!"

हसता हसता माझ्या हातून गाडी बंद पडली. रस्त्यातल्या शेळ्या पांगल्या, त्यांचा मालक काठी उगारून आला, आणि वहिनींनी त्यालाच काच खाली करून सांगितलं, "ऐका हो, बासरी हाय!"

तो ऐकत उभा राहिला. गाणं संपल्यावर वहिनी म्हणाल्या, "आता दुसरं लावा. त्याच्यात काय काय दडलंय, बघू."

घाट उतरून आम्ही परत वर चढलो. दादांची बरीच गाणी ऐकायची राहिली होती.