मामाजींचे ससाणे

गोंडपिपरीच्या आकाशातून माझ्या सासऱ्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही पक्षी दक्षिणेला जाऊ शकत नाही. निदान त्यांची तशी समजूत आहे, आणि इतक्या वर्षांत माझीही झाली आहे.

आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. त्यांची धानाची गिरणी आहे. दिवाळीनंतर धान निघतं आणि नेमके तेव्हाच हिवाळी पक्षी निघतात, म्हणजे गिरणीच्या ऐन हंगामात मालक छतावर पक्षी मोजत असतो. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर ओला दुपट्टा. खालून कोणी ओरडतं, "ओ भाऊ, धान भरडाचा हाय का नाई?" वरून उत्तर येतं, "तुहं धान उडून चाल्लं का? थांब जरासा!" लोक शिव्या घालतात, पण थांबतात. कारण हा माणूस वजनकाट्यालाही तसाच काटेकोर आहे. एक दाणा इकडचा तिकडे होत नाही.

त्यांचा एक नियम आहे. ऊन तापलं की ससाणे गोल गोल फिरत वर चढतात आणि मग एकामागून एक दक्षिणेला सुटतात. घिरट्या घालणाऱ्याला मोजायचं नाही, नाहीतर एकच पक्षी चारदा मोजला जातो. गिरणीच्या धुराड्याच्या पलीकडे सरळ गेला, तोच खरा. हा नियम त्यांनी आमच्या लग्नातही लावला. आचाऱ्याला आकडा देण्यासाठी ते मांडवाच्या दाराशी उभे राहिले आणि थेट पंगतीकडे जाणारेच त्यांनी मोजले. आमचं वऱ्हाड चिमूरकडच्या खेड्यातलं, मजुरी करणारं. एवढा मोठा मांडव पहिल्यांदाच पाहत होतं, म्हणून जो तो फिरून फिरून झुंबरं बघत होता. ते कोणी मोजलेच गेले नाहीत. भात संपला. गिरणीतली पोती फोडून पुन्हा चुली पेटल्या. मामाजींनी माझ्या बाबांना स्वतः वाढलं आणि मला म्हणाले, "तुमचं वऱ्हाड घिरट्या घालत होतं, जवाईबापू. मी काय करू?"

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. माझ्याकडे ना शेत होतं, ना घर. तरी मुलगी देताना ते नातेवाइकांना एवढंच म्हणाले होते, "पोरगा सरळ उडनारा हाय." ही पदवी मी विद्यापीठाच्या पदवीच्या वर ठेवतो.

मागच्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनची तारीख हंगामानंतरची मिळाली. एकाही वर्षी न चुकलेली मोजणी आता मोडणार, या काळजीनं त्यांचं जेवण तुटलं. शेवटी दुर्बीण माझ्या गळ्यात आली आणि ते शेजारी खुर्ची टाकून बसले.

एका दुपारी अमूर ससाण्यांचा मोठा थवा आला. असा थवा मी जन्मात पाहिला नव्हता. बघतच राहिलो, आणि भानावर आलो तेव्हा आकाश रिकामं.

"किती?"

"दोनशे तरी असतील, मामाजी."

"असतील? मोजून राह्यले का जोखून राह्यले?"

संध्याकाळी नागपूरहून पक्ष्यांचे आकडे गोळा करणाऱ्या ताईंचा फोन आला. वर्षातला सगळ्यात मोठा थवा होता तो. मी हळूच म्हटलं, "दीडशे तरी सांगा. खऱ्याहून कमीच होतील." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फोनमध्ये म्हणाले, "आज मोजनी झाली नाई, ताई. थवा आलता. आमचं चुकलं." 'जवायाचं' म्हणाले नाहीत, 'आमचं' म्हणाले. त्या शब्दानं मला लाज वाटली आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून छतावर होतो. मान ताठली, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. थवा नाहीच. दुपार कलताना तीन ठिपके वर चढले, सुटले आणि धुराडं ओलांडून गेले.

"तीन," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी मान डोलावली. आकडा मिळाला की मामाजी नेहमी लगेच उठतात. त्या दिवशी उठले नाहीत. गढूळ डोळे तसेच वर लावून बसून राहिले. मग, आजवर कधीच विचारलं नव्हतं ते, हलक्या आवाजात विचारलं,

"कसे गेले, जवाईबापू? सांगा ना जरा."