कारण न सांगता

बैठक सुरू झाली की नसीम आपा डोळे मिटायच्या. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारीला डुलकी लागली. आम्ही जुने मात्र गप्प राहायचो. आपा त्या वेळी सोयगावला निघालेल्या असायच्या.

आमच्या विद्यापीठात माणसांवर करायचं कुठलंही संशोधन आधी नीतिसमितीपुढे येतं. समितीत डॉक्टर, प्राध्यापक, एक वकील आणि सामान्य माणसांच्या बाजूनं बोलायला आपा. शहरातल्या छावणी भागात राहणाऱ्या, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. मानधन काही नाही. चहा मिळायचा, तोही गार. मी समितीचा सचिव.

"आता मी सोयगावची बाई हाय," डोळे मिटून त्या म्हणायच्या. "दिवसभर कापूस वेचून आले. वाच बेटा, सावकाश वाच." संशोधक संमतिपत्र वाचू लागायचा आणि आपा खरोखरच कुठंतरी दूर, पांढऱ्या रानाच्या बांधावर बसून ऐकताहेत असं वाटायचं. खोलीत पंख्याची घरघर तेवढी उरायची. मलाही कधी कधी गुंगी यायची. "नाय समजलं," असं त्या म्हणाल्या की ते पान नव्यानं लिहायचं.

एकदा एका तरुण डॉक्टरनं गरोदर बायकांच्या रक्ततपासणीचा अभ्यास आणला. "कारण न सांगता अभ्यासातून कधीही बाहेर पडता येईल," हे वाक्य त्यानं घाईघाईनं उरकलं. आपा उठल्या आणि दाराकडं चालू लागल्या.

"का हो आपा, काय झालं?" तो गडबडला.

"बघ, विचारलंस ना! तू 'का' म्हणलास की ती बाई गुमान परत बसते. डॉक्टरला नाय कसं म्हणावं तिनं?" असं म्हणून त्या स्वतःही खुर्चीत येऊन बसल्या. डॉक्टरची चांगलीच जिरली.

गेल्या हिवाळ्यात वाचन संपलं तरी आपांनी डोळे उघडले नाहीत. मी हाक मारली, तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाल्या, "भाऊ, माझी कापसाची झोळी कुठं ठिवली?" सगळे हसले. मला त्या नेहमी बेटा म्हणायच्या, त्यामुळं मला काही हसू आलं नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा तसंच झालं, तेव्हा कुणीच हसलं नाही.

"ज्याला समजतंय त्याचीच सही चालते ना, बेटा?" त्या दिवशी रिक्षात बसता बसता त्या म्हणाल्या. "मग मला समजतंय तोवर मीच राजीनामा देते. कुणाला सांगू नको, लई कीव करतील."

निरोपाला शाल-श्रीफळ आणलं. अध्यक्षांचं भाषण लांबत गेलं. आपा डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच त्या उठल्या, शाल सावरली आणि दाराकडं निघाल्या. अध्यक्ष थांबले. सगळे माझ्याकडं बघू लागले. या आपा की सोयगावची बाई, मला कळेना. त्यांनी जाऊ नये असं फार फार वाटत होतं. 'का' एवढंच विचारलं असतं, तर त्या परत बसल्या असत्या.

मी उठून दार उघडून धरलं.

"जीते रहो, बेटा," आपा म्हणाल्या.