खाली न येणारी खुर्ची

"खाली बसणं बंद," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला! हेमलताचा अख्खा जन्म खाली बसण्यात गेलेला. माहेरी खाली, सासरी खाली, भाकरी थापायला खाली, भांडी घासायला खाली, आणि गेली काही वर्षं पोटापाण्याचं कामसुद्धा खालीच. समोरच्या खोलीत खिडकीशी मांडी घालायची, पुढे बुटक्या टेबलावर लॅपटॉप, कानांवर हेडफोन, आणि दिवसभर लोकांचा राग ऐकायचा.

पुण्याची एक कंपनी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकते. यंत्र बिघडलं की गिऱ्हाईक फोन करतं आणि तो फोन साक्रीत हेमलताच्या कानात वाजतो. गिऱ्हाइकाला वाटतं, आपण काचेच्या इमारतीतल्या कुणा मॅडमला झापतोय. इकडे मॅडम खिडकीतून शेजारच्या सुंदरबाईच्या शेळीवर डोळा ठेवून म्हणत असतात, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमा असावी." सकाळी उत्साहाने मागितलेली क्षमा संध्याकाळपर्यंत इतकी शिळी व्हायची की तिची तिलाच कीव यायची.

पण काम सोडून चालणार नव्हतं. नवरा सुरतेला कापडाच्या मिलमध्ये, दिवाळीला आणि आखाजीच्या सणाला तोंड दाखवणारा. लेक डिंपल धुळ्याला नर्सिंग शिकत होती आणि तिचं शिक्षण या हेडफोनवरच चाललं होतं. घरात माणसं दोनच. हेमलता आणि तिचे सासरे, लोटन आबा. आता कंबरेनं असा काही संप पुकारला होता की मांडी घातली तर उठवेना आणि उठलं तर चालवेना. डॉक्टरांनी खुर्ची सांगितली होती, तीही साधी नाही, कंबरेला टेकू देणारी, ऑफिसात असते तशी. घरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचं नाव काढलं तर त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं की तिने पिशवी उचलली.

नव्या खुर्च्यांच्या किमती डिंपलने फोनवर दाखवल्या तेव्हा मायलेकी दोघी हसल्या. मग डिंपलनेच धुळ्यातलं एक जुन्या फर्निचरचं गोदाम शोधून काढलं. तिची परीक्षा चालू होती, म्हणून हेमलता एकटीच गेली.

गोदाम जीवराम नावाच्या माणसाचं होतं. बंद पडलेल्या ऑफिसांचं सगळं सामान तिथे येऊन पडलेलं. कपाटं, क्लासचे बाक, एकावर एक उलट्या घातलेल्या खुर्च्या. त्यातून जीवरामने एक काळी खुर्ची ओढून काढली आणि फडक्याने झटकली. पाठीला जाळी, हातांना आधार, कंबरेशी फुगीर उशी, खाली चाकं.

"ताई, मोठ्या साहेबाची खुर्ची आहे ही. बसा, ऐसपैस बसा. मागे रेला, ही दांडी ओढा, वरखाली करून बघा. जुनी वस्तू आहे, मागून तक्रार नको."

माणूस भला होता. सगळं रीतसर सांगत होता. पण त्याच गोदामात, पंख्याखाली, त्याचे म्हातारे वडील पांढरी टोपी घालून पेपर वाचत बसले होते. अगदी समोर. आता हेमलता कोण लागते त्यांची? कुणी नाही. पुन्हा जन्मात भेटणार नाहीत. तरी तिचा हात आपसूक पदराकडे गेला. परक्या का होईना, पण वडीलधाऱ्या माणसापुढे खुर्चीत रेलायचं, दांड्या ओढून वरखाली व्हायचं, हे तिच्या अंगाला जमेना. ती खुर्चीच्या कडेवर टेकली, एस.टी.च्या सीटवर तिसऱ्याने टेकावं तशी, आणि लगेच उठली.

"छान आहे," ती म्हणाली.

जीवरामने एकदा तिच्याकडे आणि एकदा खुर्चीकडे पाहिलं. खांदे उडवले. थोडी घासाघीस झाली, तीही दोघांनी उरकल्यासारखी केली.

एस.टी.च्या कंडक्टरने खुर्ची बघून लांबूनच हात जोडले. शेवटी धुळ्याला भाजी उतरवून साक्रीकडे रिकामा निघालेला एक पिकअप मिळाला. खुर्ची मागे गोणपाटांवर निवांत आडवी झाली आणि हेमलता पुढे ड्रायव्हरशेजारी प्रत्येक खड्ड्याला कंबर धरत आली. जिच्यासाठी एवढा खटाटोप, त्या कंबरेचंच त्या दिवशी सगळ्यात जास्त मातेरं झालं.

घरी आल्यावर, आबा बाहेर गेलेले पाहून, दार लोटून ती पहिल्यांदा खुर्चीत नीट बसली. पाठ टेकली. कंबरेला मागून कुणीतरी हात दिल्यासारखं वाटलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. मग तिने दांडी ओढली. काही नाही. जोर लावून ओढली. तरी नाही. खुर्ची अगदी वरच्या टोकाला जाऊन अडकलेली होती आणि खाली यायचं नाव घेत नव्हती. हेमलताचे पाय लहान पोरीसारखे लोंबत राहिले.

तिने जीवरामला फोन लावला.

"ताई, तुम्ही बसून बघितली ना?"

"बघितली."

"दांडी ओढायला सांगितलं होतं मी."

तुमच्या वडिलांची लाज वाटली म्हणून नाही ओढली, असं सांगायचं? "राहू द्या," म्हणाली आणि फोन ठेवला. टेबल विटांवर चढवलं, पायाखाली जेवणाचा पाट घेतला. दुनियाभरच्या लोकांची दुरुस्ती नोंदवून घेणाऱ्या बाईने स्वतःची तक्रार अशी दोन वाक्यांत मिटवली.

खरी अडचण पुढेच होती. नेट पकडायचं फक्त समोरच्या खोलीत, खिडकीशी. आणि त्याच खोलीत, समोरच्या भिंतीला, आबांची खाट. खाली बसायची तोवर सगळं रीतीला धरून होतं. सासरा खाटेवर, सून जमिनीवर. आता सून साहेबाच्या खुर्चीत, तीही खाली न येणाऱ्या, आणि खाटेवरच्या आबांपेक्षा चांगली हातभर उंच. सासऱ्यापुढे सुनेने खुर्चीवर बसू नये, असं तिला कुणी कधी तोंडाने सांगितलं नव्हतं. मीठ किती घालायचं हे तरी कुणी सांगतं का? पण ते हाताला माहीत असतं.

आबाही रीतीचे पक्के. ऐंशीच्या घरात आलेले, पण आपल्याच घरात शिरताना उंबऱ्याबाहेर थांबून खाकरायचे. सुनेने पदर सावरावा, उठून उभं राहावं, मग आत यायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून हेमलता त्या खाकरण्यावर उठत आली होती. झोपेतही उठली असती.

पण नव्या खुर्चीच्या पहिल्याच दिवशी कानांवर हेडफोन होता. आबा दाराशी येऊन खाकरले, पुन्हा खाकरले, आणि ऐकलं नसावं म्हणून आत आले. हेमलताला एकदम समोर धोतर दिसलं. ती ताडकन उठायला गेली. पायाखालचा पाट उलटला, हेडफोनची वायर ताणली, कंबरेत अशी कळ गेली की तिने टेबल गच्च धरलं, आणि तिकडे पुण्याचं चिडलेलं गिऱ्हाईक बोलता बोलता तुटलं. दुपारी सुपरवायझरचा मेसेज आला. पुन्हा असा फोन तुटला तर तिच्या जागेचा विचार करावा लागेल.

दुसऱ्या दिवशी हेमलताने हेडफोन हातात घेतला तसे आबा उठले, पाण्याचा तांब्या घेतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. संध्याकाळी तिचं काम संपल्यावर आत आले. तिसऱ्या दिवशीही तेच. मग रोजचंच झालं.

हेमलताने त्याचा अर्थ लावला तो सरळ होता. आबांना खुर्ची डाचली. सून डोक्यावर चढून बसली, हे बघायला नको म्हणून म्हातारा घर सोडून ओट्यावर जातो. तिने त्यांच्या आवडीचं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत केलं. ते जेवले, पण तोंडातून शब्द नाही. तसे ते आयुष्यभर मुकाट्यानेच जेवत आले होते, पण आता तिला त्या मुकेपणाचाही त्रास होऊ लागला. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आबांना नसेल आवडत तर परत कर ना ती खुर्ची." सुरतेहून सल्ला द्यायला काय लागतं! तिने रागाने फोन ठेवला, आणि मग रागावण्याइतकीही ताकद उरली नाही.

एके दिवशी तिने खुर्ची भिंतीशी सारली, टेबलाखालच्या विटा काढल्या आणि पुन्हा खाली मांडी घातली. आबा बाहेरच होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कशीबशी टिकली. मग उठता येईना. खाटेचा पाय धरून, गुडघ्यांवर रांगत ती स्वयंपाकघरात गेली आणि चुलीच्या ओट्याला धरून उभी राहिली. तिथेच तिला रडू आलं. नोकरी गेली तर डिंपलचं काय, आणि नोकरी टिकली तर या घरात आपण कोण, या दोन प्रश्नांच्या मध्ये तिची कंबर पार मोडून गेली होती. डोळे पुसून ती परत आली आणि खुर्ची खिडकीशी ओढून घेतली. आबांना राग येवो की काही होवो, तिच्यात आता दम नव्हता.

वैशाख आला तसा ओट्यावर उभं राहवेना. पत्र्याची पडवी दुपारी तव्यासारखी तापायची. आबा ओला पंचा डोक्यावर घेऊन भिंतीच्या सावलीबरोबर सरकत राहायचे. हेमलता खिडकीतून ते बघायची आणि तिकडे कुणालातरी क्षमा मागत असायची. दोनदा आत बोलावलं. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी नेट गेलं म्हणून तिने हेडफोन काढून ठेवला होता. खिडकीबाहेर शेजारच्या सुंदरबाईचा आवाज आला. शेळीला पाणी पाजायला आली होती.

"आबा, एवढा ऊनमा कसाले बठनात? मझार खाट शे, पंखा शे."

"वहू काम करी ऱ्हायनी."

"मग? तुम्ही काय तिले अडचण शेतस का?"

आबांनी डोक्यावरचा पंचा पुढे ओढला. मग म्हणाले, "मी मझार गऊ का ती उभी ऱ्हास. तिनी कंबर दुखस."

हेमलता खुर्चीतच बसून राहिली. इतके दिवस तिने मनात त्या म्हाताऱ्याशी किती भांडण केलं होतं! आणि तो तिचं उठणं वाचावं म्हणून उन्हात भाजत होता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या रीतीचा संताप आला, जिने दोन भल्या माणसांना एका घरात सुखाने बसू दिलं नाही. ती बाहेर गेली आणि आबांचा तांब्या उचलला.

"आबा, मझार चला."

"तुन्हं काम?"

"काम करसू ना मी. तुम्ही चला."

आबा उठले. उंबऱ्यावर सवयीने थांबले, पण सून तर शेजारीच तांब्या घेऊन उभी होती, खाकरणार कुणासाठी? आत येऊन खाटेवर बसले. नेट आलं होतं, फोन वाजायला लागला होता, आणि हेमलता खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून नुसतीच उभी. ठरवून आली होती, तरी बसवेना. आबांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

ती बसली. कडेवर नाही, मागे सरकून, पाठ टेकून. पाटावर पाय ठेवले. हेडफोन चढवला, पण एक कान उघडा ठेवला. तिकडून कुणीतरी आठवड्यापासून पाणी गढूळ येतंय म्हणून तावातावाने बोलायला लागलं.

ते बोलणं अर्ध्यावर असताना खाटेवरून खाकरणं ऐकू आलं. हेमलताचे पाय पाटावरून खाली आले, हात खुर्चीच्या हातांवर टेकले गेले, कंबरेत कळ उठली.

आबांनी भिंतीकडून तोंड फिरवलं नाही. "उठू नको, बेटा," ते म्हणाले. "नुसता खोकला शे."

"हॅलो? मॅडम, ऐकताय ना?" गिऱ्हाईक विचारत होतं.

"ऐकतेय," हेमलता म्हणाली आणि पुन्हा मागे टेकली. "बोला."