शेंदऱ्या दगडाच्या वर

माझं अक्षर चांगलं होतं, एवढाच माझा गुन्हा. महाडच्या शाळेत मी सातवी फायनल झाले तेव्हा वडिलांनी आळीत पेढे वाटले होते. पुढे लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्रीच्या काठच्या एका गावात गेले, आणि त्या सातवीचा उपयोग काय, तर मुंबईहून आलेली पत्रं वाचून दाखवायची. आपली कमी आणि दुसऱ्यांची जास्त! जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. पोलादपूरपर्यंत एसटी, तिथून पुढे आपले पाय.

लग्नानंतर पहिल्या दिवशी त्या गावात मला कुणी घरात घेतलं नाही. रागाने नव्हे, रीतच तशी. नवी नवरी उंबरा ओलांडायच्या आधी नदीवरच्या देवीच्या डोहावर जाणार, तिथल्या मासळीला मूठभर भात घालणार, मग घर. मी पहाटेपासून उपाशी, शालू चिखलाने भरलेला, आणि हातात तो भात. एक दाणा मला कुणी देईना, सगळा माशांना! सासूबाई मागून म्हणाल्या, "टाक गो, भितेस कशाला? तुज्या नणंदाच हायत त्या."

मूठ सोडली तर काळ्या पाण्यातून माझ्या तळहाताएवढं तोंड वर आलं. मी अशी किंचाळले की काठावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मोठमोठ्या खवल्यांचे, हातभर लांबीचे मासे होते ते, काही दीड हाताचेही. गावात कुणी त्यांना मासे म्हणत नसे. माहेरवाशिणी म्हणत. कारण मिरग लागून नदी फुगली की त्या डोह सोडून वर डोंगराकडे चढत, अंडी घालायला, आणि गौरी-गणपतीच्या सुमाराला उतरून परत डोहात येत. ज्या मासळीने नवरीची पहिली मूठ खाल्ली ती जन्माची तिची.

सासूबाईंची मूठ खाल्लेली मासळी अजून डोहात होती. तिला थोरली म्हणायचे. उजव्या कुशीवर कधी पाणमांजराने धरलं होतं, तिथे खवले पुन्हा आले नव्हते, तळहाताएवढा पांढरा डाग राहिला होता. सासूबाईंचं माहेर वर डोंगरातल्या कुडपणचं. आईवडील गेले, भाऊ मुंबईला गेला तो गेलाच, घराला कुलूप. सासरेही माझ्या लग्नाआधीच वारलेले. बाईला जायला जागा म्हणून राहिली नव्हती. मिरगाच्या पाण्यात थोरली निघाली की काठावर उभ्या राहून त्या तिला मोठ्याने सांगत, "वर जातेस तर माज्या आईच्या घराकडं बघून ये गो. कौलं फुटली असतील." कुडपणाकडचे ओढे आमच्याच नदीला मिळतात असं त्यांचं म्हणणं. खरं-खोटं नदी जाणे. पण गणपतीच्या दिवसांत थोरली डोहात दिसेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसे, आणि दिसली की त्या दिवशी मला शिव्या कमी बसत.

एका वैशाखात नको ते झालं. मुंबईहून सुट्टीवर आलेल्या पोरांनी लोहाराकडून लोखंडी फाळाचे बाण करून घेतले, बाणाला दोरी बांधली आणि डोहाच्या काठावर उभं राहून तिरकमठ्याने चार माहेरवाशिणी मारल्या. पाणी उन्हाने आटलेलं, मासळीला पळायला जागा नाही. त्यात कसला आलाय पुरुषार्थ? आमचे धाकटे दीर त्या पोरांत नव्हते, पण त्यांचे दोस्त होते.

गाव पेटला. देवळापुढे बैठक बसली. आमचे चुलतसासरे पोलीस पाटील, त्यांनी सांगितलं, "तिरकमठा बंद. नदीवर दिसला की मोडायचा." वाडीवरचा म्हातारा कातकरी लांब उकिडवा बसला होता, तो हात जोडून उठला. "पाटील, तुमच्याकडं जाळी हायत, शेतं हायत. आमच्याकडं हाय ती ही कमटी. ती मोडलीत तर पोरांना काय घालू? आमी डोहात कधी मारला नाय. आन चढतीच्या मासळीला बी मारीत नाय. तिच्या पोटात पोरं असतात. उतरती असली तर दमलेली असते, तिलाबी नाय."

मग आमचे दीर बोलले. गिरणीत युनियनच्या सभा ऐकून आलेले, बोलणं झोकात. "डोह देवीचा, कबूल. पण अख्खी नदी देवीची कशी? नदी सरकारची हाय. काय बंद, काय चालू ते एकदा क्लियर करा. कागदावर घ्या. म्हंजे उद्या कुणी कुणाला बोलायला नको."

दुपार कलेपर्यंत हुज्जत चालली. पाटील म्हणत सगळं बंद, पोरं म्हणत मग जाळीही बंद, जाळीवाले म्हणत आम्ही काय केलं? शेवटी सगळेच दमले आणि तोड निघाली. डोहाच्या वरच्या तोंडाला देवीचा शेंदूर लावलेला दगड, खालच्या तोंडाला उंबर. या दोन्हींमध्ये बाण नाही, जाळं नाही, गळ नाही. मोडेल त्याने देवीला नारळ आणि गावाला जेवण द्यायचं.

लिहायचं कुणी? गावचे मास्तर सुट्टीला देशावर गेलेले. पाटलांचं अक्षर पाटलांनाच लागत नसे. म्हणून मला बोलावणं आलं. देवळाच्या खांबाआड, डोक्यावरून पदर, मांडीवर पाट, त्यावर कागद. पुरुष सांगत होते आणि मी लिहीत होते. चौथं कलम दिरांनी सांगितलं: 'शेंदऱ्या दगडाचे वर व उंबराचे खाली कोणास मनाई नाही.'

माझा टाक थांबला. वर म्हणजे चढणीची वाट. म्हाताऱ्या कातकऱ्याने जे सांगितलं ते कागदात कुठेच आलं नव्हतं. उलट या ओळीने ते पुसलंच जात होतं. एवढं मला, बावीस वर्षांच्या पोरीला, लख्ख दिसलं. पण चुलतसासरे, दीर, सगळा गाव समोर, आणि मी सून. तोंड कसं उघडणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, चढतीच्या आणि उतरतीच्या मासळीला मारू नये, एवढी एक ओळ घालू का? तुम्ही सांगा भाऊजींना."

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं मी विचारलं होतं की आईला आई म्हणावं, हे लिहू का. "ते काय लिवायचं गो? ते कुणाला ठाव नाय? आजपातुर चढतीला कुणी मारलंय का? जे भांडणातलं हाय तेवडं लीव."

आणि त्यांचं चूक तरी काय होतं? त्या गावात पिढ्यान् पिढ्या जे सगळ्यांना ठाऊक ते कुणी लिहिलं नव्हतं. लिहायचं ते भांडणाचं. बांधाचं, वाटपाचं. जे निर्विवाद त्याला कागद कशाला? मी चौथं कलम सांगितलं तसं लिहिलं. आज वाटतं, तरीही घालायची होती ती चढती-उतरतीची ओळ. वाचणार कोण होतं तिथे? पण नाही घातली. इतकी मी आज्ञाधारक!

प्रत्येक घराचा अंगठा झाला. आमच्या घरात कर्ता पुरुष नव्हता. माझे यजमान मुंबईला, दीर धाकटे. म्हणून अंगठा सासूबाईंचा. बाईमाणसाचा तेवढा एकच. मी शाई लावून त्यांचा अंगठा कागदावर टेकवला तेव्हा त्या चक्क लाजल्या. डोहाची सेवा आमच्या घराकडे, म्हणून कागदही आमच्याच देवघरात ठेवला. घरी येताना म्हणाल्या, "लिवलंस ना? झालं मग. आता माजी थोरली सुटली."

मिरग आला, थोरली वर गेली. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे कुडपणचा निरोप दिला. वाडीवरच्या कातकऱ्यांनी नेहमीप्रमाणे चढतीला हात लावला नाही. त्यांनी कागद वाचलाच नव्हता, ते बरं.

भाद्रपदात दीर पुन्हा रजेवर आले. यजमानांना त्या साली रजा मिळाली नाही. गौरी घरात आल्या. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी गौरीला तिखटाचा, म्हणजे मासळी-मटणाचा नैवेद्य. दोन दिवस पावसाने उघडीप दिलेली, नदी निवळलेली. दीर सकाळीच दोस्ताला घेऊन निघाले. मला वाटलं, खेकडे आणतील.

दुपारी अंगणात आरडाओरडा झाला. दोघांच्या खांद्यावर बांबू, आणि त्याला लटकवलेला मासा. शेपटी गुडघ्यांपर्यंत लोंबत होती. दीर हसत होते. सांगते ते खरं सांगते, तो पोरगा वाईट नव्हता. मुंबईहून आईसाठी लुगडं आणणारा, तिचे पाय चेपणारा. म्हणाला, "आये, बघ तरी! गवरीला एवडा मासा गावात कुणी आणला नसंल!"

सासूबाई ओटीवरून उतरल्या. माशाजवळ गेल्या. दोन्ही हातांनी तो मासा बांबूवरच दुसऱ्या अंगावर फिरवला. उजवी कूस समोर आली. तळहाताएवढा पांढरा डाग.

दिराचं हसू जागच्या जागी विरलं. "पाण्यात डाग दिसला नाय गो आये," तो म्हणाला. "देवीची शप्पथ नाय दिसला." मग तो चिडला. चुकलेला माणूस चिडतो तसा. "पन मी काय चोरी केली? दगडाच्या वर हुतो मी. एक पाऊल खाली टाकला नाय, याला इचारा. वयनीनं सोता लिवलंय, मनाई नाय म्हनून. सांग ना वयनी!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आपलेच दात, आपलेच ओठ.

"कागद आण गो," सासूबाई म्हणाल्या.

मी देवघरातून कागद आणला. गौरीपुढून जाताना तिच्याकडे बघवलं नाही. अंगणात उभी राहून वाचला. चौथ्या कलमापाशी त्यांनी हात वर केला. "परत वाच." मी परत वाचलं. शेंदऱ्या दगडाचे वर व उंबराचे खाली कोणास मनाई नाही.

"उतरतीचं काय लिवलंय?"

"काही नाही, आत्याबाई."

"चढतीचं?"

"तेही नाही."

"तू इचारलं हुतंस."

"हो."

"आन मी काय बोलले?"

मला रडूच फुटलं. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, उलटासुलटा बघितला, आणि खाली अंगठ्यांच्या रांगेत बोट फिरवत गेल्या. "ह्यातला माजा कुटचा?" मी दाखवला. कोपऱ्यातला, सगळ्यांपेक्षा लहान.

मासा आमच्या चुलीवर चढला नाही. दीर आणि त्याचा दोस्त तो उचलून कुठे घेऊन गेले, मी विचारलं नाही. संध्याकाळी पाटील येऊन गेले, म्हणाले, वाईट झालं, पण पोरानं कलम मोडलं नाय, दंड कसा लावू? बरोबरच होतं त्यांचं. सगळ्यांचंच बरोबर होतं. गौरीला त्या साली आम्ही नुसती भाजी-भाकर दाखवली.

दिवेलागणीला सासूबाई दिसेनात म्हणून शोधायला मागीलदारी गेले. त्या न्हाणीच्या दगडावर बसल्या होत्या आणि चुलीतली राख घेऊन अंगठा घासत होत्या. राख, पाणी, परत राख. कातडी लाल झाली होती. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. म्हटलं, "आत्याबाई, शाई वैशाखातली, केव्हाच गेली ती. काही नाही हो त्याच्यावर."

त्यांनी तो ओला अंगठा माझ्या डोळ्यांपुढे धरला.

"तुला वाचता येतं ना गो?" म्हणाल्या. "मग नीट बघ."